शिक्का आणि माग

संगणकशास्त्राचे सहकारी ‘ॲबस्ट्रॅक्शन’ आणि ‘एन्कॅप्सुलेशन’ या कल्पनांची थोरवी सांगतात, तेव्हा आम्हा मराठीच्या अध्यापकांना ‘अमूर्तीकरण’ आणि ‘संपुट’ हे प्रतिशब्द सुचतात. भिवंडीत राहणाऱ्यांना मात्र या कल्पना समजून घेण्यासाठी कोशाकडे वळण्याचे कारण नाही.

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका निबंधात एकाच लहान प्रोग्रामची विभागणी दोन प्रकारे करून दाखवली. पहिलीत कामाच्या पायऱ्यांनुसार विभाग पाडले होते; दुसरीत प्रत्येक विभागाने आपला एकेक निर्णय पोटात झाकून ठेवला होता. माहिती साठवण्याची पद्धत बदलली, तर पहिल्या रचनेत सर्वच विभागांना हात लावावा लागे, दुसरीत एकालाच. बाहेरच्याने करार तेवढा पाहावा, आतली व्यवस्था पाहू नये, हे त्यामागचे तत्त्व.

भिवंडीतील कितीतरी यंत्रमाग ‘जॉबवर्क’वर चालत आले आहेत. व्यापारी सूत देतो, मजुरी ठरवतो आणि कोरे कापड घेऊन जातो. माग किती जुना, पाळी किती तासांची, कारखान्यात हवा खेळते की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. हेही संपुटच.

त्याचे सामर्थ्य दिसले ते मुंबईच्या गिरणी संपात. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवले. मालकांनी भिवंडीसारख्या ठिकाणांहून कापड विणून घेतले आणि त्यावर गिरणीचा शिक्का मारून ते विकले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते. काम थांबले की माल थांबतो, हे संपकऱ्यांचे शस्त्र त्यामुळे बोथट झाले. प्रोग्रामरला जो गुण वाटतो, तोच येथे एका कामगाराला दुसऱ्याविरुद्ध उभा करून गेला, आणि दोघांनाही ते धड दिसले नाही.

म्हणून संपुटे मोडावीत, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्यावाचून ना प्रोग्राम उभा राहील, ना बाजार. परंतु करारात काय लिहायचे आणि काय झाकायचे, हे रचनाकारच ठरवत असतो. पार्नास यांनी झाकायला सांगितले ते बदलू शकणारे निर्णय. पाळीचे तास आणि छातीत जाणारी सुताची धूळ करारात लिहिता आली असती; ती झाकली जावी, हेही कोणीतरी ठरवलेच होते.