सापाचे हृदय आणि परळच्या सुया

१/७ साल १९६५. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी उदवाडिया, किनरे व परुळकर या सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय विलक्षण होता: हृदयाच्या स्नायूला सुयांनी छिद्रे पाडून तो वाचवणे!

२/७ हृदयविकाराच्या झटक्यात हृदयधमनी तुंबते आणि तिच्यावर पोसलेला स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. पायातील शीर वापरून बायपास करण्याची पद्धत क्लीव्हलँडमध्ये फावालोरो यांनी रूढ केली ती १९६७ पासून. त्याआधी शल्यविशारदांच्या हाती फारसे काही नव्हते.

३/७ सेन यांना वाट दाखवली सरपटणाऱ्या प्राण्यांनी. सापाच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असते; कप्प्यातील रक्त थेट तिच्यात झिरपते. कुत्र्यांच्या हृदयात सुयांनी तशाच वाटा केल्या, तर धमनी बांधूनही स्नायूला संरक्षण मिळते, असे या चमूने मांडले.

४/७ परंतु जखम भरते, तशा या वाटाही बुजतात. पुढे सुईची जागा लेसरने घेतली. १९९८ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यताही मिळाली. शवविच्छेदनात मात्र लेसरच्या वाटाही बुजलेल्या आढळल्या. मग रुग्णांच्या छातीतील कळ थांबली कशी?

५/७ कोणी म्हणाले, जखमेमुळे ‘व्हीईजीएफ’सारखी प्रथिने स्रवतात व नव्या केशवाहिन्या फुटतात. कोणी म्हणाले, वेदना वाहणारे मज्जातंतूच जळतात. नळीवाटे लेसर देण्याच्या २००५ च्या चाचणीत तर लुटुपुटीच्या उपचाराहून अधिक लाभ दिसला नाही.

६/७ दरम्यान १९८६ मध्ये ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांची हृदयधमनी आधी चार वेळा ५-५ मिनिटे बंद केली, मग सलग ४० मिनिटे. मृत स्नायूचे प्रमाण एरवीच्या चौथ्या हिश्श्यावर आले. येथे रक्ताला नवी वाट मिळाली नव्हती. पेशीच सावध झाली होती. अॅडेनोसिन, प्रोटीन कायनेज सी आणि शेवटी मायटोकॉन्ड्रिया अशी या संदेशाची साखळी पुढील दशकात उलगडली.

७/७ ही साखळी औषधात उतरवणे अजून साधलेले नाही. दंडावर पट्टा आवळून हृदयाला सावध करण्याच्या २०१५ व २०१९ च्या मोठ्या चाचण्या निष्फळ ठरल्या. सेन स्मरणात राहिले ते फेब्रुवारी १९६८ मधील हृदयप्रत्यारोपणामुळे. पण तुंबलेल्या धमनीपलीकडचा स्नायू कसा जगवावा, हा त्यांचा प्रश्न आजही सुटलेला नाही, आणि तो परळमध्येही विचारला गेला होता.