वार्धक्यातील शृंगार : भामरागडच्या माडिया स्त्रिया

वार्धक्यातील शृंगार हे शब्द एकत्र उच्चारले की आमच्या पांढरपेशा कानांना खटकतात. म्हातारीने गळ्यात चार माळा घातल्या, केसांत फणी खोवली आणि ढोल वाजू लागताच रिंगणात पाऊल टाकले, तर त्या उल्हासाला देण्यास आमच्यापाशी ‘म्हातारचळ’ हा एकच शब्द आहे. एवढ्याने भागले नाही म्हणून घोडीची आणि लाल लगामाची म्हण आम्ही हिंदीतून उसनी आणली. हे आम्ही विनोदाने सांगत नाही. ज्या समाजाच्या कोशात वृद्ध स्त्रीच्या आनंदाला निंदेखेरीज नाव नाही, त्या समाजाने वृद्ध स्त्रीचा इतिहास लिहिला तर तो कसा होईल, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आज श्रोत्यांना महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, भामरागडला नेणार आहो.

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या जेथे भेटतात तेथे हे गाव आहे. नदीपलीकडे बस्तर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. हा मुलूख पूर्वी अहेरीच्या जमीनदारीत आणि चांदा जिल्ह्यात मोडत असे. १९८२ साली गडचिरोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा तो तिकडे गेला. येथील मुख्य वस्ती माडिया गोंडांची, आणि त्यांची बोली द्राविड कुळातली.

या लोकांविषयी लिहिणाऱ्यांची परंपरा शंभर-दीडशे वर्षांची आहे. चांद्याच्या जमीनमहसुलाची व्यवस्था लावताना मेजर ल्यूसी स्मिथ याने १८६९ मध्ये अहवाल लिहिला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंड १९१६ मध्ये निघाले. बस्तरचा कारभार पाहिलेल्या ग्रिग्सनने १९३८ मध्ये तेथील माडियांवर ग्रंथ लिहिला. पुढे व्हेरियर एल्विनची पुस्तके आली. हे सारे ग्रंथ मोलाचे आहेत, आणि ते बाजूला सारण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु ते चाळताना एक गोष्ट मनात राहते. लेखकाची दृष्टी वारंवार तरुण मुलीकडे वळते. तिचे केस, तिचे गोंदण, तिचे नाचणे यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात, आणि म्हातारी कोठेतरी कडेला, चुलीच्या धुरात उभी असते. त्यातही गोटुल या शब्दाने बाहेरच्या वाचकाला जी भुरळ घातली तिला तोड नाही. एल्विनने वर्णिलेला मुरियांचा घोटुल निराळा आणि माडियांचा गोटुल निराळा, हा भेद ध्यानात न घेता पुष्कळांनी लिहिले. माडियांच्या गोटुलात मुली निजावयास जात नाहीत. गावाची बैठक तेथे भरते आणि पाहुणाही तेथेच उतरतो.

आता वेषाकडे वळू. माडिया स्वतः विणकर नव्हेत. कापड शेजारच्या विणकर जातींकडून अथवा बाजारातून येई. बस्तरच्या बाजूस जाड्याभरड्या पांढऱ्या वस्त्राला आलाच्या मुळीने रंगविलेला तांबडा काठ असे. जुन्या रीतीप्रमाणे विवाहित स्त्री कमरेभोवती वस्त्र गुंडाळी, वरचे अंग मण्यांच्या माळांनी झाके किंवा न झाके, आणि त्यात तिला अथवा कोणालाही वावगे वाटत नसे. (आमच्याकडे देशावर आणि कोकणात तांबड्या आलवणाने विधवेचे अंग झाकले जात होते. एकाच रंगाचे दोन ठिकाणी दोन अर्थ!)

माळांचा विचार थोडा सावकाश केला पाहिजे. काचेचे मणी अरण्यात पिकत नाहीत. ते आठवड्याच्या बाजारात विकत घ्यावे लागतात. मग ते येत कशाच्या बदल्यात? मोह, हिरडा, लाख आणि विशेषतः चारोळी यांच्या. या प्रदेशात व्यापारी मापभर मिठाला मापभर चारोळी घेत, ही लुबाडणूक सर्वश्रुत आहे. चारोळी म्हणजे उन्हाळ्याच्या उन्हात झाडाझाडांखाली फिरून गोळा केलेली फळे, ती कुजवून, धुऊन, वाळवून, जात्यावर हलक्या हाताने भरडून काढलेला इवलासा गर. त्या श्रमांतून मीठ आणल्यानंतर जे उरे त्यातून मणी येत. तेव्हा साठ-सत्तरीच्या बाईच्या गळ्यात लटकणारा तो लाल, पिवळा, निळा भार म्हणजे अनेक उन्हाळ्यांचा हिशेब असतो. वय वाढले म्हणून तो उतरवून ठेवावा असा संकेत तेथे नाही. आमच्या घरांत सून आली की सासू पेटीतले दागिने तिच्या हवाली करते आणि स्वतः फिके लुगडे नेसू लागते. त्या त्यागाचे आम्ही गोडवे गातो. पण तो कितपत आपखुशीचा असतो, हे विचारण्याच्या भानगडीत पडत नाही.

गोंदणाची गोष्ट याहून खोल. मध्य भारतातील गोंड आणि इतर वनवासी समाजांत एक श्रद्धा सर्वत्र आढळते, की सोनेनाणे, माळा, कडी सारे येथेच राहते आणि गोंदण तेवढे माणसाबरोबर जाते. गोऱ्या कातडीवर जसे हिरवे गोंदण उठून दिसते तसे ते काळ्या कातडीवर दिसत नाही, वयाबरोबर रेषा पसरतात, सुरकुत्यांत हरवतात. तरी कपाळावरच्या आणि हातांवरच्या त्या खुणा म्हातारीला शोभेशाच वाटतात, याचे कारण ही श्रद्धा असावी.

पण येथे आम्ही रानातला स्वर्ग रंगवून दाखविणार असे कोणी समजू नये. माडिया स्त्रीच्या आयुष्यात एक जाच आहे, आणि तो मोठा आहे. विटाळाच्या दिवसांत तिला गावाच्या कडेच्या कुरमा घरात राहावे लागते. तेथे साप, पाऊस, थंडी, आणि आजारी पडली तरी तीच झोपडी. महिन्यामागून महिना, उमेदीची पस्तीसएक वर्षे! म्हणून विटाळ संपला की तिच्या जिण्याला एक मोकळीक येते. कुरमा सुटते, पाळावयाच्या बंधनांतले सर्वांत जड बंधन गळून पडते. आम्हांला वाटते की, माडिया वृद्धेच्या प्रसन्नतेचे एक कारण केवळ रानातील मोकळ्या हवेत न शोधता या सुटकेत शोधावे. मोहाची दारू असो, सुरमाडाच्या जातीच्या गोरग्याची ताडी असो, पंडुमच्या सणातला रेला असो, या सर्वांत ती असते, आणि आता महिन्यातले कोणतेच दिवस तिला वगळून जात नाहीत.

उरलेल्या महाराष्ट्रात हीच वर्षे कशी होती? केशवपन केलेल्या विधवांची डोकी भादरण्यास नकार देण्यासाठी मुंबईतील न्हाव्यांना १८९० साली एकत्र आणण्याचे काम नारायण मेघाजी लोखंडे यांना करावे लागले. पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या; कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या; आणि चाळिशी उलटल्यावर त्यांनी डोक्यावर केस वाढू दिले. नंतर १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. त्यांचे आत्मवृत्त १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. केस वाढू देणे ही एका बाईच्या चरित्रातली धाडसाची घटना ठरावी, हाही आमचाच इतिहास. गोंडांत विधवेचे पुन्हा लग्न होई, आणि त्यासाठी कोणाला ग्रंथ लिहावा लागत नसे.

असो. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला, पुढे शाळा उभी राहिली. रस्ते झाले, पूल झाले, बाजारात शिवलेले कपडे आले. शाळेत गेलेल्या मुली पोलके घालू लागल्या. येथे खरा पेच उभा राहिला. लग्नानंतर स्त्रीने पोलके घालू नये असा जुना दंडक होता, आणि शिकलेल्या मुलींना तो जाचू लागला. अलीकडच्या वर्षांत भामरागड पट्टीच्या पारंपरिक गोटुल सभेपुढेही हा प्रश्न आला. त्रावणकोरात नाडर स्त्रियांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी लढा दिला व १८५९ मध्ये तो मान्य झाला, हे पुष्कळांना स्मरत असेल. पण तेथील बंदी उच्चवर्णीयांनी लादलेली होती. येथील दंडक स्वतःच्याच समाजाचा. म्हणून दोन्ही लढे एका मापाने मोजता येत नाहीत. तरी ज्या मुलीला पोलके हवे तिला ते मिळालेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही.

किंतु आहे तो दुसऱ्या बाजूविषयी. पोलके हे सभ्यतेचे चिन्ह ठरले की ते नसलेली आजी असभ्य ठरते. बसच्या थांब्यावर, कचेरीच्या दारात, कॅमेरा रोखणाऱ्या प्रवाशासमोर तिच्या उघड्या खांद्यांकडे ज्या नजरा वळतात त्या तिला कळत नाहीत असे नाही. सत्तर वर्षे ज्या वेषात ती ताठ मानेने वावरली त्याची लाज तिला आम्ही शिकवीत आहो, आणि तीही विकासाच्या नावाने. नातीला पोलक्याची मुभा मिळावी आणि आजीला न घालण्याची, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. पण दुसरी मागणी कोणत्या सभेपुढे मांडावयाची?

पुण्यातील आदिवासी संशोधन संस्था १९६२ पासून, आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे. काचेच्या कपाटात माळ ठेवता येते. तिच्यातला कोणता सर कोणत्या सालच्या चारोळीचा, तो घेताना कोण बरोबर होते, गोंदणातल्या कोणत्या आकृतीला माडियात काय म्हणतात, हे कपाट सांगत नाही. ते सांगू शकणाऱ्या बाया आज सत्तरीपलीकडच्या आहेत. त्यांची भाषा जाणणाऱ्या मुली आता शाळा-कॉलेजांतून शिकून बाहेर पडल्या आहेत. एक वही घेऊन पावसाळ्यापूर्वी, पर्लकोटेला पाणी चढण्याआधी, त्यांनी आपापल्या आजीजवळ बसावे.