सापांचा आहार : भक्ष्याचे माप व भरवण्याची रीत (परभणी जिल्हा)

साप पूर्णपणे मांसाहारी असून भक्ष्य न चावता अख्खे गिळतो. त्यामुळे काय खावे याइतकेच केवढे खावे हेही त्याच्यासाठी महत्त्वाचे ठरते. खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू पुढे लवचिक बंधाने जोडलेल्या असतात, म्हणून डोक्याहून रुंद भक्ष्यही तोंडात मावते. आत वळलेले दात आळीपाळीने पुढे सरकत ते घशात ओढतात. गिळताना श्वास कोंडू नये म्हणून श्वासनलिकेचे तोंड पुढे येते.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी ही पिके होतात. धान्य तिथे उंदीर आणि उंदीर तिथे साप, हे परभणीच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. धामण उंदीर पकडून जमिनीवर दाबते आणि बहुधा जिवंतच गिळते. नाग चावा घेऊन धरून ठेवतो. घोणस मोठ्या उंदराला दंश करून सोडते आणि नंतर जिभेने वास घेत त्याचा माग काढते. यात उंदराच्या दातांपासून तिचा बचाव होतो. मण्यार इतर सापांना खाते, दिवड बेडूक आणि मासे खाते, कवड्या पाली टिपतो. बोटाहून बारीक वाळा मुंग्या-वाळवीची अंडी व अळ्या खातो. ‘साप उंदीर खातो’ एवढ्या माहितीवर कुठल्याही सापाला उंदीर देणे म्हणूनच चुकीचे आहे.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार हे देशी साप घरी पाळता येत नाहीत. परदेशी बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतील जाती बाळगणाऱ्यावर २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन आले. जिल्ह्यात भरवण्याचा प्रश्न मुख्यतः जखमी सापापुरता उरतो. निरोगी साप पकडला तर वनविभागाला कळवून तो लवकर सोडावा. त्याला खाऊ घालण्याची गरज नसते. उपाशी साप आठवडेच्या आठवडे तग धरतो.

बंदिस्त सापासाठी सर्वमान्य माप असे : भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी, फार तर दीडपट. उंदीर खाणाऱ्या जातींत वाढत्या पिलाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के घास पाच ते सात दिवसांनी पुरतो. प्रौढाला त्याहून हलका घास दोन-तीन आठवड्यांनी द्यावा. पोट भरल्यावरही साप समोर आलेले घेतो, म्हणून त्याची हाव हे भुकेचे माप धरू नये. जादा भरवल्याने चरबी साठते आणि यकृत बिघडते. पिंजऱ्यातल्या सापाचे आयुष्य उपासमारीपेक्षा अतिलाडाने अधिक घटते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडून जाऊ नये. तो सापालाच कुरतडून गंभीर जखमा करतो. मारलेला किंवा गोठवून पूर्ण वितळवलेला, कोमट केलेला उंदीर लांब चिमट्याने द्यावा. दोन साप एकत्र भरवले तर एकाच भक्ष्याला दोन्हीकडून धरून एक दुसऱ्याला गिळण्याचा धोका असतो. पिंजरा उघडताच झेप घेणाऱ्या सापाला आधी आकड्याने हलकेच स्पर्श करावा. हा स्पर्श खाण्याचा नाही, हे तो काही दिवसांत ओळखू लागतो. उंदीर हाताळलेल्या हाताला वास राहतो, म्हणून हात धुतल्याशिवाय सापाला स्पर्श करू नये. जेवणानंतर किमान दोन दिवस त्याला उचलू नये. कात टाकण्याच्या आधी डोळे दुधाळ झाले की बरेच साप खाणे सोडतात. त्या काळात सक्तीने भरवणे धोक्याचे असते.

परभणीत माप ठरवताना हवामान विसरता येत नाही. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो. सापाला शरीराची ऊब बाहेरून घ्यावी लागते आणि ऊब नसेल तर पचन थांबते. पोटात भक्ष्य सडते, साप ते ओकतो आणि कधी मरतोही. ओकलेल्या सापाला पाणी देऊन दहा-पंधरा दिवस उपाशी ठेवावे, मग निम्म्या आकाराचा घास द्यावा. पचनाचे काम किती जड, याचा अंदाज ब्रह्मी अजगरावरून येतो : मोठ्या जेवणानंतर दोनच दिवसांत त्याच्या हृदयाचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे.

नागपंचमीच्या दुधाचा या आहाराशी काही संबंध नाही. गारुड्याचा नाग दूध पितो तो अनेक दिवस पाणी न मिळाल्याने. दूध त्याला पचत नाही आणि त्याचे दात काढलेले असतील तर तोंडाची जखम चिघळते. घरात किंवा शेतात जखमी साप दिसला तर दूध-अंडे पुढे करू नये. वनविभागाला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे. उपचाराचा सल्ला घेण्यासाठी परभणी शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.