घड्याळाला चावी कोण देतं?

वडिलांचं ऑटोमॅटिक घड्याळ कपाटात ठेवलं की दोन दिवसांत बंद पडतं. मग वाइंडर घ्यावा का? वाइंडर म्हणजे घड्याळ अडकवून सावकाश गोल फिरवणारी मोटरची पेटी. याचं उत्तर द्यायला जरा मागे जावं लागेल.

१७७७ साली जिनिव्हाच्या कला मंडळाने अब्राहम-लुई पेर्ले यांच्या घड्याळाबद्दल नोंद केली : माणूस १५ मिनिटं चालला की घड्याळ ८ दिवस चालतं! पण हे खिशातलं घड्याळ. खिशात ते फारसं हलत नाही, त्यामुळे कल्पना रुळली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ मनगटावर आलं आणि चित्र बदललं. जॉन हारवुड हा इंग्रज कारागीर घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या लक्षात आलं, की चावीच्या दांडीभोवतीच्या फटीतून धूळ आणि ओल आत शिरते आणि यंत्र बिघडतं. म्हणजे बघा, ऑटोमॅटिकचा हा शोध आळशीपणातून नाही, तर ती फट बुजवण्यासाठी लागला! त्याने चावीच काढून टाकली. काटे लावायला काचेभोवतीची कडा फिरवायची. आत एक वजन दोन स्प्रिंगांमध्ये इकडून तिकडे आपटत राहायचं. १९२४ मध्ये स्विस पेटंट मिळालं. मात्र पूर्ण भरलेलं घड्याळ जेमतेम १२ तास चालायचं आणि १९३१ च्या मंदीत कंपनी बुडाली. त्याच वर्षी रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला.

आता एक भीती असते, सतत फिरवून स्प्रिंग तुटेल का? नाही. भरलेली स्प्रिंग आतल्या आत घसरते. ही युक्ती आद्रियाँ फिलिप यांनी १८६३ मध्येच पेटंट केली होती.

खरा धोका वेगळा आहे. घड्याळ चालतं तेव्हा झिजतं. जुन्या घड्याळातलं तेल वाळलेलं असतं. अशात ते वाइंडरवर रात्रंदिवस पळवलं, तर बारीक आस खरवडले जातात. वडिलांची आठवण जपायला घेतलेली पेटीच ती संपवू शकते.

म्हणून आधी सर्व्हिसिंग, वाइंडरचा विचार नंतर. लीप वर्षापर्यंतचा हिशेब ठेवणारं कॅलेंडर असेल, तर वाइंडर कामाचा, कारण ते पुन्हा लावणं किचकट असतं. घेतलाच, तर दिवसाला साधारण ६५० ते ८०० फेरे पुरतात. दिशाही विचारून घ्या. काही यंत्रं एकाच बाजूला फिरल्यावर भरतात.

साध्या घड्याळाला मात्र विश्रांती द्या. घालायच्या दिवशी चावीने भरता येत असेल तर २०-३० वेळा फिरवा, नाहीतर हलकेच हलवा. वेळ लावा. आणि हो, काटे रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान असताना तारीख पटकन बदलायला जाऊ नका, दाते तुटतात.

मग मनगटावर बांधा आणि चालायला लागा. पेर्लेंच्या काळापासून हाच खरा वाइंडर आहे. भेटू पुढच्या भागात.