एकट्या हाताची चित्रमालिका

चौकटीमागून चौकट मांडून चित्रांतून कथा सांगण्याची कला आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिचाही कोणी तरी, कोठे तरी प्रथम आरंभ केला असेल, हे सहसा ध्यानात येत नाही. वृत्तपत्र हाती येताच अग्रलेखाकडे वळण्यापूर्वी कोपऱ्यातील चित्रमालिकेवर दृष्टी टाकणारे वाचक सर्व देशांत आढळतात. गेल्या तीस वर्षांत मात्र या कलेने कागदाचे घर सोडून इंटरनेटवर दुसरे बिऱ्हाड थाटले आहे. वेबकॉमिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रमालिकेला संपादकाची संमती लागत नाही आणि मुद्रकाचे देणेही राहत नाही. ज्याच्यापाशी कागद, लेखणी आणि सांगण्याजोगे काही आहे, त्याला सारे जग वाचक म्हणून मोकळे आहे. असे असूनही हौसेने आरंभलेल्या कितीतरी मालिका थोड्याच भागांनंतर थबकतात, आणि काही मोजक्या दहा-वीस वर्षे अखंड चालतात. हा भेद कशामुळे पडतो? त्याचे उत्तर यंत्रात शोधण्यापेक्षा या कलेच्या इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरते. आणि त्या इतिहासाचा आरंभ स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा या नगरीत होतो.

तेथे 1799 साली रोडॉल्फ टॉप्फर याचा जन्म झाला. वडील नामांकित चित्रकार. मुलानेही तोच मार्ग धरावा, हे ठरल्यासारखेच होते. परंतु नेत्रविकाराने घात केला. रंग आणि छायाप्रकाश यांची सूक्ष्म कारागिरी आपल्या डोळ्यांना झेपणार नाही, हे उमगल्यावर टॉप्फरने चित्रकाराची आकांक्षा सोडली, शिक्षकाचा पेशा पत्करला आणि मुलांसाठी एक वसतिशाळा चालविली. तथापि हाताला लागलेली ओढ सुटली नाही. संध्याकाळच्या वेळी विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी तो भराभर रेघोट्या ओढून विनोदी चित्रकथा रचू लागला आणि प्रत्येक चित्राखाली दोन-चार ओळींचा मजकूर लिहू लागला. 1827 साली त्याने अशी पहिली संपूर्ण कथा सिद्ध केली. डोळ्यांनी जे नाकारले होते, तेच त्याच्या शैलीचे लक्षण बनले. रंग नाही, छाया नाही. आहे ती केवळ थरथरती, चपळ, बोलकी रेषा.

ही हस्तलिखिते मित्रांच्या हातांतून फिरत फिरत 1830 च्या सुमारास वृद्ध गटेपर्यंत पोहोचली आणि त्या महाकवीने त्यांचे मनापासून कौतुक केले. टॉप्फरला धीर आला. 1833 साली त्याने आपली पहिली चित्रकथा छापून घेतली. तिची छपाई ज्या रीतीने झाली, ती येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी चित्र छापावयाचे म्हणजे कुशल खोदकाराकडून ते लाकडावर वा ताम्रपटावर कोरून घ्यावे लागे. मूळ चित्रकाराची रेषा परक्या हातातून पार पडे आणि खर्चही पुष्कळ येई. टॉप्फरने शिळाछपाईची एक सोपी पद्धती स्वीकारली. तीत विशिष्ट कागदावर साध्या लेखणीने चित्र काढावयाचे आणि तेच दगडावर उतरवून छापावयाचे. चित्र उलटे काढण्याची कटकट नाही, खोदकाराची मध्यस्थी नाही. एका शाळामास्तराला स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या रेषेत पुस्तक काढता आले, ते या पद्धतीमुळे. नवख्यासाठी दार उघडणारे तंत्र इंटरनेटच्या कितीतरी आधी अशा रीतीने अवतरले होते.

उघड्या दारातून चोरही शिरतात, याचा अनुभव त्याच टॉप्फरला आला. त्याच्या पुस्तकांच्या अनधिकृत नकला 1839 साली पॅरिसमध्ये निघाल्या, आणि 1842 साली अटलांटिक ओलांडून त्याची एक कथा इंग्रजी रूपात न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील चित्रकथांच्या इतिहासात तिला आद्यस्थान दिले जाते; परंतु मूळ कर्त्याची संमती मात्र कोणी विचारली नव्हती. स्वतःचे चित्र परक्याच्या नावे फिरताना पाहणाऱ्या आजच्या वेबकॉमिककाराचे दुःख पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुने आहे.

टॉप्फर 1846 साली निवर्तला. त्यानंतरच्या शतकात या कलेला वृत्तपत्रांचा आश्रय लाभला, आणि त्याबरोबरच तिला रोजच्या हजेरीचे बंधनही आले. या बंधनाचे सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत करुण उदाहरण म्हणजे अमेरिकेतील चार्ल्स शुल्झ. पत्रद्वारा चित्रकला शिकविणाऱ्या एका संस्थेचा हा विद्यार्थी. आपल्या गावच्या वृत्तपत्रात तो साप्ताहिक चित्रे काढीत असे. ते सदर बंद पडल्यावर त्याने वितरणसंस्थेचे दार ठोठावले आणि 2 ऑक्टोबर 1950 रोजी सात वृत्तपत्रांतून त्याची दैनिक मालिका सुरू झाली. संस्थेने तिला ‘पीनट्स’ असे नाव दिले. शुल्झला ते नाव कधीच रुचले नाही, पण नवख्याचे कोण ऐकतो? नाव दुसऱ्याचे पत्करून रेषा मात्र त्याने अखेरपर्यंत स्वतःची राखली. मदतनीस न ठेवता त्याने जवळजवळ पन्नास वर्षांत 17,897 भाग काढले. 1981 साली त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर हाताला कंप जडला. चार्ली ब्राऊनच्या वाटोळ्या मस्तकाची रेषा थरथरू लागली, तरी ती दुसऱ्या हाती गेली नाही. 1997 साली, वयाच्या पंचाहत्तरीनिमित्त, त्याने पाच आठवड्यांची विश्रांती घेतली. एवढीच काय ती सुटी. 12 फेब्रुवारी 2000 च्या रात्री त्याचा मृत्यू झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्याने आधीच काढून ठेवलेला निरोपाचा भाग प्रसिद्ध झाला.

शुल्झपाशी एक आधार होता, तो करारनाम्याचा. अमुक दिवशी अमुक वेळी चित्र पोहोचलेच पाहिजे, असे सांगणारा कोणी तरी असणे ही जाचक गोष्ट खरी. पण मन शिणलेल्या दिवशी तीच काठी होते. काही आठवड्यांचा साठा नेहमी हाताशी ठेवण्याची शिस्त वृत्तपत्रीय चित्रकारांना त्या काठीनेच लावली. हा भार वाटून घेण्याचाही मार्ग आहे. मराठी वाचकांना त्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. 1991 साली पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला ‘चिंटू’ हा चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचा मानसपुत्र. रोज एक विनोद आणि रोज एक चित्र हे ओझे दोन डोक्यांनी उचलले, म्हणून त्या खट्याळ मुलाला इतकी वर्षे ताजेतवाने राहता आले.

एप्रिल 1993 मध्ये टॉप्फरच्याच जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. कलेच्या जन्मभूमीजवळच तिच्या नव्या घराची पायाभरणी व्हावी, हा इतिहासातील एक मौजेचा योगायोग होय. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डेव्हिड फार्ली याने ‘डॉक्टर फन’ ही एकचौकटी व्यंगचित्रांची मालिका वेबवर आणली आणि ती 2006 सालापर्यंत चालविली. पाठोपाठ शेकडो नवखे आले. संपादकाने साभार परत पाठविण्याचे भय संपले. पण त्याबरोबर संपादकाची काठीही गेली. आता दिवस ठरविणारा तोच, चुकला तर जाब विचारणाराही तोच. स्वातंत्र्याबरोबर येणारी ही जबाबदारी ज्यांनी ओळखली, तेच टिकले.

त्यांनी काय केले, हे पाहू गेल्यास एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांनी हाताला झेपेल तेवढेच रूप निवडले. कॅनडातील रायन नॉर्थ याला चित्रे काढता येत नव्हती. 2003 साली त्याने तयार चित्रांतील डायनोसॉर घेऊन सहा चौकटी एकदाच जुळविल्या आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच सहा चौकटींत केवळ संवाद बदलून मालिका चालविली. वाचक चित्रासाठी येतच नव्हता; तोच डायनोसॉर आज कोणता वाद घालणार, यासाठी येत होता. अमेरिकेतील रँडल मन्रो हा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. आपल्या वह्यांतील चित्रे त्याने 2005 साली ‘एक्सकेसीडी’ या नावाने इंटरनेटवर ठेवली. काड्यांची माणसे, चेहऱ्यावर डोळेही नाहीत. परंतु गणित, विज्ञान आणि प्रेमभंग यांवरचे भाष्य असे की, वाचक खिळून राहावा. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे वार त्याने बांधून घेतले आणि ते पाळले. आठवड्याला तीन दिवसांचा हा नेम मोठ्या कलावंताच्या प्रतिज्ञेसारखा नव्हे, तर शहाण्या गृहस्थाच्या अंदाजपत्रकासारखा आहे. खर्च उत्पन्नाच्या आत ठेवला की घर चालते. वचन शक्तीच्या आत ठेवले की मालिका चालते.

रेषेपेक्षा विषय महत्त्वाचा, याचा प्रत्यय केट बीटन हिच्या चरित्रात येतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील केप ब्रेटन बेटावरची ही मुलगी. इतिहास आणि मानववंशशास्त्र घेऊन पदवीधर झाली; परंतु शिक्षणाचे कर्ज डोक्यावर. ते फेडण्यासाठी 2005 पासून ती अल्बर्टा प्रांतातील तेलक्षेत्रात नोकरी करू लागली. घरापासून हजारो मैल दूर, स्त्रिया अत्यल्प आणि पुरुष असंख्य, अशा छावण्यांतील ते जिणे कठोर होते. त्याच काळात, 2007 च्या सुमारास, इतिहासातील राजे, संशोधक आणि कवी यांची थट्टा करणारी तिची चित्रे इंटरनेटवर दिसू लागली. नेपोलियनपासून कॅनडाच्या विस्मृत वीरांपर्यंत सारेच तिच्या लेखणीखाली माणसाळले. इतिहासाच्या पदवीचा व्यवहारात उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर होते. 2011 साली या चित्रांचे पुस्तक निघाले. 2018 साली तिने ती मालिका समाप्त केली आणि 2022 साली तेलक्षेत्रातील आपल्या दिवसांवर ‘डक्स’ हा प्रदीर्घ चित्रग्रंथ प्रसिद्ध केला. विनोदाच्या आड इतकी वर्षे जे राहून गेले होते, ते त्यात आले. हा ग्रंथ तिच्या देशात आणि बाहेरही वाखाणला गेला. मालिका थांबविणे म्हणजे नेहमीच पराभव नव्हे. योग्य वेळी थांबलेला हात अधिक मोठ्या कामाला मोकळा होतो.

मालिका टिकविण्याचा प्रश्न शेवटी पोटाच्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो. वाचकाकडून रोजचे मूल्य न घेता ही मंडळी पुस्तके आणि चित्रमुद्रित वस्तू विकून निर्वाह करीत. रिच बर्लू या अमेरिकन चित्रकाराने आपल्या 2003 पासूनच्या काडीमाणसांच्या साहसकथेची जुनी पुस्तके पुन्हा छापण्यासाठी 2012 च्या आरंभी वाचकांकडे वर्गणी मागितली. अपेक्षा अठ्ठावन्न हजार डॉलरांच्या आतबाहेरची. जमले साडेबारा लाख! नऊ वर्षे विनामूल्य वाचलेल्या कथेचे ऋण वाचकांनी एका महिन्यात फेडले. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच्या अंगठ्याला गंभीर दुखापत झाली आणि मालिका काही महिने खंडित झाली. साडेबारा लाख डॉलर एका अंगठ्याची जागा घेऊ शकले नाहीत. वाचकांनी वाट पाहिली. कारण एवढ्या वर्षांत त्यांचा लोभ केवळ कथेवर उरला नव्हता. ती सांगणाऱ्यावरही जडला होता.

टॉप्फरचे डोळे, शुल्झचा कापरा हात, बर्लूचा अंगठा. या कलेचा इतिहास अशा अगदी साध्या, देहाच्या मर्यादांनी भरलेला आहे. दगडी छपाई आली, चक्राकार मुद्रणयंत्रे आली, पुढे इंटरनेट आले. प्रत्येकाने चित्रमालिकेचे दार अधिक रुंद केले. दाराच्या आत मात्र पूर्वीप्रमाणेच एक मेज आहे, एक कोरा कागद आहे आणि त्यापुढे एक माणूस बसलेला आहे. आरंभासाठी त्याला उत्तम रेषेची वाट पाहण्याचे कारण नाही; टॉप्फरने पाहिली असती, तर ही कलाच जन्मली नसती. टिकण्यासाठी मात्र त्याने आपल्या हाताशी प्रामाणिक राहिले पाहिजे. जेवढे देता येईल तेवढेच कबूल करावे, कबूल केलेले ठरल्या दिवशी द्यावे, आजारपणासाठी चार भाग बाजूला ठेवावेत आणि सांगण्याजोगे संपले की वाचकांचा निरोप घ्यावा. जिनिव्हाच्या त्या शाळेत दिव्याभोवती जमलेली मुले पुढचे पान केव्हा येते याची वाट पाहत होती. आजचा वाचक कोठेही असो, तो त्या मुलांतलाच एक आहे. आणि तो जमला आहे, एवढ्यासाठीच उद्याचे पान काढावयाचे असते.