खिडकीतली लय

खिडकीच्या मधोमध उभा राहणारा दांडा, म्हणजे मुलियन, हा मूळचा कामकरी. युरोपातल्या जुन्या देवळांत तो दगडाचा असे; मोठ्या उघडीपीचे भाग पाडायचे, वाऱ्याचा दाब सोसायचा, काच धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. दोन दांड्यांमधलं अंतर बहुधा सारखंच. त्या अंतराकडे कोणी पाहत नसे.

फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या ल तुरेत या डॉमिनिकन मठात मात्र पाहावं लागतं ते या अंतराकडेच. १९६० साली पूर्ण झालेल्या या इमारतीत काँक्रीटचे पातळ उभे दांडे जमिनीपासून छतापर्यंत जातात, आणि काच थेट त्यांच्या खाचेत बसते. दांडे कुठे दाटीनं येतात, कुठे हळूहळू विरळ होतात. चालणाऱ्याला ते ठेक्यासारखे जाणवतात.

इमारत ल कॉर्बुझिए यांची. ही लय यानिस झेनाकिस यांची. अथेन्समधल्या रस्त्यावरच्या लढाईत डोळा गमावलेला हा ग्रीक अभियंता १९४७ साली पॅरिसला पळून आला आणि ल कॉर्बुझिए यांच्या कचेरीत आकडेमोड करू लागला. रात्री तो संगीत रचत असे. ६१ वादकांसाठी लिहिलेली त्याची ‘मेटास्टासिस’ ही रचना १९५५ साली पहिल्यांदा वाजली. तिच्यातल्या कालखंडांना ल कॉर्बुझिए यांच्या ‘मॉड्युलोर’ या मापपद्धतीचं प्रमाण होतं. मठाच्या दांड्यांमधली अंतरंही त्याच मापांतली. इमारतीचं माप संगीतात गेलं आणि लय होऊन इमारतीत परतलं. आपल्याकडे चंडीगडच्या सचिवालयातही अशा ‘लहरत्या’ काचा आहेत.

अनुवादाच्या दृष्टीनं मला हे महत्त्वाचं वाटतं. एका माध्यमातून दुसऱ्यात स्वर जात नाहीत, रंगही जात नाहीत; जातं ते अंतर. कुठे थांबायचं, कुठे घाई करायची, एवढंच. कवितेचा अनुवाद करताना शब्द बदलतात, पण दोन ओळींमधला श्वास राखावा लागतो.

प्रश्न उरतो नावाचा. ल कॉर्बुझिए यांनी ‘मॉड्युलोर २’ या पुस्तकात झेनाकिसचा उल्लेख केला. तरीही ब्रसेल्सच्या १९५८ च्या प्रदर्शनातल्या फिलिप्स मंडपाचं श्रेय झेनाकिसला मागून घ्यावं लागलं, आणि १९५९ साली त्याची ती नोकरी संपली. इमारती आजही मालकाच्या नावानं ओळखल्या जातात, पुस्तकं मूळ लेखकाच्या. त्यात गैर काही नाही. मात्र मुखपृष्ठावर दुसऱ्या नावाला जागा मागणं म्हणजे मूळ लेखकाचं काही काढून घेणं नव्हे. त्या पानांमधली अंतरं कोणी मोजली, एवढंच त्यातून कळतं.