प्रथिनयुक्त फळांचे पॅनकेक

अंडी, ओट आणि कॉटेज चीज, घट्ट दही किंवा व्हे पावडर यांच्या दाटसर पिठात फळांचा गर अथवा फोडी घालून तव्यावर भाजलेला न्याहारीचा पदार्थ. मैदा, दूध, अंडी आणि बेकिंग पावडर यांच्या जाडसर, फुललेल्या अमेरिकी पॅनकेकचा हा नवा प्रकार असून व्यायाम करणाऱ्यांच्या आहारातून तो घरोघरी पोहोचला.

प्रथिनांचा हिशोब : नावात फळे असली, तरी प्रथिने त्यांच्यापासून मिळत नाहीत. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे १ ग्रॅम प्रथिन असते, ब्लूबेरीत त्याहून कमी. दोन मोठ्या अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम, ४० ग्रॅम ओटमधून ५ ग्रॅम व १०० ग्रॅम कॉटेज चीजमधून ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. यात एक केळे कुस्करून घातल्यास होणाऱ्या पॅनकेकमध्ये एकूण सुमारे २९ ग्रॅम प्रथिने येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीची निम्म्याहून अधिक गरज या एका न्याहारीत भागते.

कृती : ओट मिक्सरमध्ये दळून त्यात अंडी, कॉटेज चीज, पिकलेले केळे, अर्धा चमचा बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ घालून पुन्हा फिरवतात. ओटने पाणी शोषावे म्हणून पीठ दहा मिनिटे झाकून ठेवतात. हे पीठ मऊ असल्याने मोठा पॅनकेक उलटताना तुटतो. म्हणून तळहाताएवढेच घालतात. केळ्यातील साखर व अंड्या-चीजमधील प्रथिने यांमुळे रंग लवकर चढतो आणि आतून कच्चे असतानाच बाहेरून करपते. त्यामुळे आच मंद ते मध्यम हवी. कडा कोरड्या दिसू लागल्या व वर बुडबुडे फुटले, की उलटावे.

प्रथिने वाढवण्याची मर्यादा : ३० ग्रॅम व्हे पावडरमधून साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. मात्र ती पिठाच्या पाव भागापेक्षा जास्त घातली, तर पॅनकेक कोरडा व रबरासारखा चिवट होतो. उष्णतेने प्रथिने घट्ट विणली जाऊन पाणी बाहेर टाकतात. त्यांच्या मध्ये येऊन हे जाळे सैल ठेवणारा स्टार्चही कमी पडतो. इथे फळाचा गर खरा उपयोगी ठरतो : ओलावा, पेक्टिन आणि गोडवा तो एकाच वेळी पुरवतो.

फळांची निवड : सालीवर काळे ठिपके आलेले केळे उत्तम, कारण त्यातील बहुतेक स्टार्चची साखर झालेली असते. किसलेले सफरचंद पिळून घ्यावे लागते. सोडा जास्त झाल्यास ब्लूबेरीभोवतीचे पीठ हिरवट पडते. तिचे जांभळे रंगद्रव्य अल्कली माध्यमात रंग बदलते. ताजा अननस, पपई व किवी यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. ही फळे कच्ची मिसळून पीठ ठेवले, तर ते पातळ व कडवट होते. ती आधी शिजवून घ्यावीत किंवा खाताना वर घालावीत. वरून ओतलेल्या मेपल सिरपच्या एका मोठ्या चमच्यातून सुमारे १२ ग्रॅम साखर पोटात जाते. चिरलेली फळे व दही हा पर्याय बरा.

महाराष्ट्रातील आप्त पदार्थ : लाल भोपळ्याचे घारगे किंवा कोकणातील फणसाची सांदणे यांत फळाचा गर असतो, पण प्रथिने बेताचीच. मुगाचे वा बेसनाचे धिरडे प्रथिनांनी समृद्ध, पण तिखटमिठाचे. अंडी न खाणाऱ्या घरांत या दोन्ही परंपरा जुळवता येतात : भिजवून वाटलेली मूगडाळ, कुस्करलेले पनीर, केळे व वेलची यांचे गोड धिरडे बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून भाजतात. डाळीत लायसिन हे ॲमिनो आम्ल भरपूर, तर धान्यात कमी असते. म्हणून त्यात थोडी नाचणी किंवा ओट घातल्यास प्रथिनांचा मेळ चांगला बसतो. अंडी नसल्याने असे धिरडे पातळ पसरावे आणि कडा सुटेपर्यंत उलटू नये.